जाहिरातीतला ‘आय-सेव्हन’ कोणत्या सालचा? कन्सोल सोडून जुना गेमिंग पीसी घेताना

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. ज्या ऑफिसांतले संगणक विंडोज ११ ला चालत नाहीत, ती ऑफिसं ते विकून मोकळी होतात. हाच माल पुढे काचेच्या कॅबिनेटमध्ये, रंगीत पंखे लावून ‘गेमिंग पीसी, आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, १ टीबी’ अशा नावानं ओएलएक्सवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर येतो. दुसरीकडे एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आणि नवा पीसी जोडणं महाग झालं. पीएस-४ ला कंटाळलेला सोलापुरातला गेमर अशा वेळी सेकंडहँडकडे वळणारच. त्यात गैर काही नाही, फक्त खरेदीची पद्धत कन्सोलपेक्षा वेगळी आहे.

पीएस-४ म्हटलं की आत काय आहे ते ठरलेलं असतं. तो चालतो की नाही, एवढंच बघायचं. पीसीचं तसं नाही. एकाच डब्यात २०११ चा प्रोसेसर, २०१९ चं ग्राफिक कार्ड आणि मागच्या महिन्यात घातलेली एसएसडी असू शकते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जुना यंत्रमाग घेणारा माणूस सांगाड्याला दिलेला रंग बघत नाही. मोटर कधीची, कुठले भाग बदललेत, चालू केल्यावर आवाज कसा येतो, ते बघतो. जुन्या पीसीचंही असंच एकेक भाग सुटा बघून मोल करायचं.

डब्यात कोण काय करतं

प्रोसेसर गेमचा हिशेब सांभाळतो: शत्रू कुठं आहे, गोळी कुठं लागली. ग्राफिक कार्ड चित्र काढतं आणि गेमिंग पीसीतला सगळ्यात महाग भाग बहुतेक वेळा तेच असतं. रॅम ही कामापुरती मेमरी. पीएस-५ मध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स वाटून वापरतात; पीसीत कार्डाची मेमरी वेगळी आणि रॅम वेगळी. म्हणून जाहिरातीत ‘१६ जीबी’ लिहिलं असेल तर ती रॅम, कार्डावर किती ते वेगळं विचारायचं. एसएसडीवर गेम साठतात. मदरबोर्ड सगळ्यांना जोडतो आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, सगळ्यांना खायला घालतो. जाहिरातीत या शेवटच्या दोघांचं नाव बहुधा नसतंच.

आय-सेव्हन म्हणजे भारीच ना?

नाही. आय-सेव्हन २६०० हा जानेवारी २०११ चा प्रोसेसर. आय-थ्री १२१००एफ हा जानेवारी २०२२ चा. दोघांनाही चारच कोअर (एकाच वेळी सुटं काम करणारे मेंदू), पण गेममध्ये हा ‘थ्री’ त्या ‘सेव्हन’च्या कितीतरी पुढे जातो. त्यामुळे विक्रेत्याला पूर्ण नंबर विचारा. इंटेलमध्ये चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा पिढी सांगतो (३७७० म्हणजे तिसरी), पाच आकडी असेल तर पहिले दोन (१०४०० म्हणजे दहावी). ‘नंबर माहीत नाही, पण आय-सेव्हन आहे’ असं उत्तर आलं तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानाचा फोटो मागवा. तो काढायला अर्धा मिनिट लागतो, आणि जो तेवढाही पाठवत नाही त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

सीमारेषा सोपी आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीत रायझन २००० मालिका किंवा पुढची लागते. त्याखालचं गेमिंगसाठी घेऊ नका. आडमार्गानं विंडोज ११ टाकून देणारे भेटतील, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही दोन सुरक्षा वैशिष्ट्यं तपासतो; ती नसतील तर सुरूच होत नाही. शिवाय इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना नाहीत. ज्या नव्या गेमना त्या लागतात, ते तिथं उघडतही नाहीत.

दोन सापळे खास ओळखून ठेवा. एक, एच-६१ बोर्ड. बोर्ड नवा कोरा, वॉरंटीसुद्धा असते, पण त्यावर बसतो दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचाच प्रोसेसर. दुसरा, ‘झिऑन गेमिंग पीसी’. सर्व्हरमधून काढलेला झिऑन ई-५ चिनी एक्स-७९ बोर्डावर बसवलेला असतो. आठ-दहा कोअर बघून मन भुलतं, पण गेमला एकेका कोअरचा वेग लागतो आणि तो इथं कमी.

आज सेकंडहँडमध्ये डोळसपणे घ्यावेत असे प्रोसेसर म्हणजे रायझन ५ ३६०० किंवा ५६००, आय-फाइव्ह १०४००एफ, आय-थ्री १२१००एफ, आय-फाइव्ह १२४००एफ. बी-४५० किंवा बी-५५० बोर्डावर रायझन ३६०० असेल तर उत्तम, कारण पुढे बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर ५६०० बसतो. इंटेलच्या नंबरामागचा ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं की पडदा काळा, हे ध्यानात असू द्या.

ग्राफिक कार्ड: पैसा इथं जातो

पीएस-५ च्या आसपासचा खेळ हवा असेल तर आरएक्स ६६०० (८ जीबी), आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) किंवा आरटीएक्स २०६० सुपर (८ जीबी) या वर्गात शोधा. पीएस-४ पेक्षा बरं, एवढंच हवं असेल आणि बहुतेक वेळ जीटीए ५, व्हॅलोरंट, क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये जाणार असेल तर जीटीएक्स १६६० सुपर चालून जातं.

आरएक्स ही एएमडीची कार्डं, जीटीएक्स आणि आरटीएक्स एनव्हिडियाची. जीटीएक्स आणि आरटीएक्स यांच्यातला फरक आता नुसत्या दिसण्यापुरता राहिलेला नाही. २०२५ चा डूम: द डार्क एजेस रे-ट्रेसिंगची (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याची) सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाही, त्यामुळे जीटीएक्सवाले तिथं दाराबाहेर. जीटीएक्स १०६०, १०७० वगैरे १० मालिकेच्या कार्डांसाठी एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं. आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. ही कार्डं फुकटात मिळाली तर घ्या, भाव देऊन नको.

बनावट कार्डांचा धंदा जुना आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्डात बदललेलं बायोस भरून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजसुद्धा तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम मात्र अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असा शिक्का मारतो. आरएक्स ५८० घेत असाल तर त्यातच शेडर्सचा (चित्राचा हिशेब करणाऱ्या छोट्या घटकांचा) आकडा बघा. असली कार्डावर २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ती हलकी आवृत्ती आहे, साधारण आरएक्स ५७० च्या तोलाची. भावही त्याचाच द्या.

पण कार्ड मायनिंगचं असेल तर?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि विक्रेता नेहमी ‘नाही’ म्हणतो, म्हणजे विचारून उपयोग शून्य. इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावरचं मायनिंग, म्हणजे कार्ड दिवसरात्र राबवून चलन कमावणं, १५ सप्टेंबर २०२२ ला संपलं आणि त्यानंतर ती कार्डं बाजारात आली. मायनिंगमध्ये चिप रोज गरम-गार होत नाही, एकाच तापमानाला राहते, त्यामुळे ती बऱ्याचदा ठणठणीत असते. झिजतात ते पंखे, वाळते ती चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट, आणि शेकून निघते ती कार्डावरची मेमरी. पंखा बोटानं हलकेच फिरवा (पीसी बंद असताना). खरखर किंवा डगडग जाणवली तर नव्या पंख्याचा खर्च भावातून वजा. मेमरी खराब असेल तर चाचणीत पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा येतात. अशा कार्डाला हात लावू नका, ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे’ म्हणाले तरी.

एसएमपीएस: न दिसणारा, पण सगळं जाळणारा

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं. तो आकडा सोडा. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि त्याला १२ नं गुणा. १६ अँपिअर लिहिलं असेल तर १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांची जवळपास सगळी भूक १२ व्होल्टवरच भागते. आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॅट मागतं, मग प्रोसेसरनं काय करायचं? साधं ऑफिसचं काम करताना असा पीसी ठीक चालतो आणि गेम सुरू होऊन दहा मिनिटं झाली की धप्पकन बंद पडतो.

आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, जीटीएक्स १६६० सुपरला १२५ वॅट लागतात. यांच्यासाठी नामांकित कंपनीचा, ८० प्लस शिक्क्याचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरे.

कार्डाला जाणारी वायर कुठून आलीय ते बघा. ती थेट एसएमपीएसमधून यायला हवी. हार्ड डिस्कच्या साटा कनेक्टरला जोड लावून कार्डाला वीज दिली असेल तर सौदा थांबवा. साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट, तर ६ पिनच्या कनेक्टरमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत घेऊ शकतं आणि ८ पिनमधून १५० पर्यंत. असा जोड वितळतो, कधी पेटतोही.

ऑफिसातून निघालेल्या बारक्या डेल, एचपी, लेनोवो डब्यांत आणखी एक अडचण असते. त्यांचा एसएमपीएस कंपनीच्याच आकाराचा आणि बऱ्याचदा २४० वॅटच्या आसपासचा. बाहेरचा बसत नाही. त्यात कमी उंचीचं, वेगळी वायर न लागणारं ७५ वॅटचं कार्डच बसतं. तेवढ्यावर समाधान असेल तरच असा डबा घ्या.

डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास

पुण्या-बेंगळुरूच्या यूट्यूबरनं दाखवलेलं तापमान सोलापूरला लागू होत नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकंच आतलं तापमानही चढतं. डिसेंबरच्या संध्याकाळी २४ अंशांच्या खोलीत कार्ड ७८ अंशांवर दिसलं तर छान वाटतं. तेच कार्ड मे महिन्यात, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या ३८ अंशांच्या खोलीत नव्वदी गाठायला निघतं. मग ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि गेम अडखळू लागतो. म्हणून हिवाळ्यात घेताना हिशेब घट्ट ठेवा: थंड खोलीत जोराच्या चाचणीत कार्ड ७० ते ७२ च्या पुढे जायला नको. पुढून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट दिसायला झकास, पण हवा आत जायला वाट नाही. सोलापुरात जाळीचंच घ्यावं, आणि धूळ जास्त बसते म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं.

जुन्या घरांत अर्थिंग नसणं किंवा नावापुरतं असणं ही नेहमीची गोष्ट. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पीसीला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. लाइट जाते-येते त्यासाठी ६०० व्हीएचा यूपीएस पुष्कळांकडे असतो. त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या आसपास खेचू शकतात, त्यात जुनी बॅटरी असेल तर तो सेकंदात मान टाकतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्या.

विक्रेत्याच्या घरी काय करायचं

‘आम्ही येईपर्यंत पीसी सुरू करू नका’ असं आधीच सांगा. गार पीसी पहिल्या झटक्यात सुरू होतो का, हीच पहिली परीक्षा. काही बोर्ड तापलेले असतानाच नीट चालतात, आणि हुशार विक्रेता तासभर आधी चालू करून ठेवतो. सोबत पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि युनिजिन हेवन (कार्डाला जोरात राबवणारी चाचणी) घेऊन जा. स्क्रू ड्रायव्हर आणि आपला कंट्रोलरही न्या.

आधी बाजूचं झाकण उघडून टॉर्च मारा. फुगलेले कपॅसिटर, गंजलेले स्क्रू, मदरबोर्डवर वाळलेल्या पाण्याचे पांढरे डाग शोधा. एचडीएमआय केबल खाली, ग्राफिक कार्डाच्याच पोर्टला लावलीय ना, ते बघा. कन्सोलवरून आलेले लोक ती हमखास वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टला लावतात आणि मग ‘कार्ड असून गेम अडकतोय’ अशी तक्रार करतात.

मग हेवन सगळ्यात वरच्या सेटिंगवर किमान २० मिनिटं चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोत तापमान बघत बसा. ही वीस मिनिटं कुणी कितीही गप्पा मारल्या तरी कमी करू नका, कारण कमजोर एसएमपीएस आणि सुकलेली पेस्ट पहिल्या पाच मिनिटांत सापडत नाहीत. त्यानंतर दोनदा रीस्टार्ट करा. क्रिस्टलडिस्कइन्फोत एसएसडीची तब्येत टक्क्यांत दिसते, ८० च्या खाली असेल तर भाव पाडा. हार्ड डिस्कचे चालू राहिलेले तासही तिथंच दिसतात. वर्षाचे तास ८,७६०. आकडा तीस-चाळीस हजारांत असेल आणि डिस्कवर जांभळं लेबल असेल तर ती सीसीटीव्हीच्या डब्यातून आलेली असण्याची शक्यता मोठी. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या हव्यात, १६ ची एक नको; दोन पट्ट्या एकत्र काम करतात तेव्हा गेम जास्त सुरळीत चालतो. सगळे यूएसबी पोर्ट, हेडफोनची जागा आणि लॅन पोर्टही तपासा.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर घाबरू नका. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तो कुठंही मिळतो.

‘पन्नास गेम टाकून देतो’ म्हणाले तर

नको म्हणा. क्रॅक केलेल्या गेमसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि मग स्टीमचं (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाचं) खातं दुसऱ्याच्या हातात जातं. पीसी घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाकणं. ते होईपर्यंत त्यावर बँक, ईमेल, काहीही उघडू नका.

भाव कसा ठरवायचा

डब्याचा एक भाव धरू नका. कागदावर एकेक भाग लिहा आणि त्याच ताकदीचा नवा भाग आज कितीला मिळतो ते समोर मांडा. वॉरंटी शिल्लक आणि बिल हातात असेल तर नव्याच्या ६५ ते ७० टक्के, नसेल तर निम्मे. पाच वर्षांहून जुना एसएमपीएस आणि जुनी हार्ड डिस्क यांची किंमत शून्य. रंगीत पंखे, गेमिंग कीबोर्ड, माउसपॅड यांचीही शून्यच, विक्रेता कितीही रागावला तरी. रॅमचा भाव मात्र सध्या चढा आहे, तिथं फार ताणून उपयोग नाही. उलट बघताना असलेल्या पट्ट्या ताबा घेताना तिथंच आहेत ना, हे बघा. पहिल्या भेटीतच रॅम, कार्ड आणि एसएसडीच्या सिरियल नंबरांचे फोटो काढून ठेवायचे ते यासाठी.

बिलाची प्रत आग्रहानं मागा. काही कंपन्या सिरियल नंबरवर वॉरंटी देतात, काही बिलाशिवाय दारात उभं करत नाहीत. बिल नसेल तर विक्रेत्याचं नाव, मोबाइल, सिरियल नंबर आणि सही असलेली चिठ्ठी तरी घ्या. चोरीचा माल आहे हे समजायला जागा असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागू होतं.

पुणे-हैदराबादहून आणायचा असेल तर

सोलापुरात माल मोजका. जूनमध्ये शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची मुलं हॉस्टेल सोडतात तेव्हा चांगले पीसी निघतात. एरवी निवड पुणे किंवा हैदराबादमध्ये जास्त. न बघता, कुरिअरनं मागवू नका. ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, आधी थोडे पैसे पाठवा’ हा फसवणुकीचा जुना पाठ आहे, ओळखपत्राचा फोटो आला तरी. यूपीआय पिन फक्त पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणताना ग्राफिक कार्ड काढून वेगळं ठेवा. रेल्वेच्या किंवा एसटीच्या धक्क्यांत जड कार्ड मदरबोर्डचा स्लॉट तोडतं. कार्ड त्याच्या मूळ खोक्यात किंवा अँटिस्टॅटिक पिशवीत हवं, किराणा दुकानातल्या प्लॅस्टिकमध्ये नको. कॅबिनेट असं आडवं ठेवा की मदरबोर्ड तळाशी येईल आणि काच वर. भोवती गुंडाळायला सोलापुरी चादरीइतकं जाड आणि घरात पडून असलेलं दुसरं काय मिळणार?

मग कन्सोल विकून टाकायचा?

लगेच नको. पीएसवर घेतलेले गेम पीसीवर फुकट येत नाहीत, सेव्ह केलेली प्रगतीही बहुतेक गेममध्ये मागेच राहते. फोर्टनाइटसारख्या काही गेममध्ये मात्र खातं जोडलं की प्रगती पुढे येते. डिस्क मित्राला देणं, जुनी देऊन दुसरी घेणं, हा व्यवहार पीसीवर संपतो. स्टीमवरचा गेम विकता येत नाही. बदल्यात ऑनलाइन खेळायला पीएस प्लससारखी वर्गणी लागत नाही, आणि स्टीमच्या सेलमध्ये जुने गेम बरेच स्वस्त होतात. पीएस-४ आणि पीएस-५ चे कंट्रोलर केबल लावून स्टीमवर चालतात. बिनवायर हवे असतील तर ब्लूटूथ डाँगल घ्या, कारण पुष्कळ डेस्कटॉप बोर्डांत ब्लूटूथ नसतं. टीव्हीलाच पीसी जोडणार असाल तर टीव्हीत गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उशिरा प्रतिसाद मिळतो. टीव्ही ४के असला तरी वर सांगितलेल्या कार्डांवर गेम १०८०पीलाच ठेवा.

काही मोठे गेम पीसीवर उशिरा येतात, हेही हिशेबात घ्या. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ ला कन्सोलवर आला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ ला. पीसी घरात एक उन्हाळा काढेपर्यंत कन्सोल ठेवा, मग विका. विकताना त्याच्यावरचं आपलं खातं आधी काढून टाका आणि मशीन फॅक्टरी रीसेट करा.